एकटीचा मुक्काम, समुद्र आणि रोजची चित्रवही

रेघोटी

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन सध्या एकटी राहते आहे. माघ संपेपर्यंत मुक्काम इथेच. येताना एकच ठरवलं होतं, रोज चित्र काढायचं. प्रदर्शन नाही, विक्री नाही, फक्त वही. इथल्या कितीतरी जणांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटनंतर ‘निवांत जागा मिळाली की पुन्हा सुरू करू’ म्हणून पेन्सिल खाली ठेवली आहे, त्यांच्यासाठी हा धागा.

निवांतपणा आपल्याला चित्र काढून देत नाही, हे आधीच सांगते. एकटं असलं की दिवस सांडतो. जेवायला कुणी हाक मारत नाही, दार कुणी वाजवत नाही. ‘चहा झाला की बसू’चं ‘उन्हं उतरली की बसू’ होतं आणि उन्हं उतरल्यावर समुद्र असा दिसतो की नुसतं बघत राहावं. गजर लावून बसणं शहरात जमतं. इथे कुणाचंच काम घड्याळावर चालत नाही, त्यामुळे तो गजर परका वाटतो. मी वेळ ओहोटीकडून घेतली, आणि वही चालू राहिली ती त्यामुळे.

ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. दिवसाउजेडी एक ओहोटी मिळतेच. आज सकाळी सातला बसले तर चार दिवसांनी दहाच्या पुढे बसायचं असतं. म्हणजे उजेड रोज निराळा, सावल्यांची दिशा निराळी, आणि तरी वेळ ठरलेली. आपण ठरवलेली नाही, म्हणून ती पुढे ढकलता येत नाही. पाणी भरायला लागलं की आपली बसायची जागाच जाते.

दुसरी गोष्ट जागेची. मी रोज एकाच ठिकाणी बसते. सुरूचं बन संपून वाळूची पुळण सुरू होते तिथे मर्यादवेल पसरली आहे, तिच्या पुढे थोडं खडप, म्हणजे खडकाळ भाग, आहे. तिथून डावीकडे खाडीचं मुख, पलीकडे हर्णैच्या बोटी आणि पाण्यात सुवर्णदुर्गाची काळी पट्टी दिसते. नवीन जागा शोधत हिंडलं तर सगळी ताकद ‘काय काढू’ यातच संपते. एकच जागा पक्की केली की तो प्रश्न उरत नाही, आणि जे बदलतं तेवढंच डोळ्यांत भरतं. उदाहरण देते. मकरसंक्रांतीच्या आसपासची पानं आणि आत्ताची पानं शेजारी ठेवली तर मावळता सूर्य क्षितिजावर उजवीकडे, म्हणजे उत्तरेकडे, सरकलेला स्पष्ट दिसतो. उत्तरायण शाळेपासून माहीत होतं. हाताने काढलं तेव्हा ते माझं झालं.

तुमच्यापैकी कुणी असा एकट्याने मुक्काम करून रोजचा हात चालू ठेवला असेल तर जरूर लिहा. कुणाला जायचं असेल तर विचारा, मला ठाऊक आहे ते सांगेन.

दर्यावर्दी

रेघोटीताई, धागा वाचून फार बरं वाटलं. मी मूळचा मुरुडचा, हर्णैजवळच्या. ओहोटीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही, आमच्याकडे तिथीला पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आत-बाहेर. त्याच्या पुढे-मागे सहा तास धरले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण चित्राला बसायला तेवढा हिशोब पुरे.

पौर्णिमा आणि अवसेला उधाण असतं, तेव्हा ओहोटीही खूप लांब जाते आणि पुळण सर्वांत रुंद उघडते. अष्टमीच्या सुमारास भांग. तेव्हा पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. तुमच्या पानांवर हा फरक नक्की उतरला असेल.

एक काळजीचं सांगतो. खडपावर बसताना पाठीमागे पाणी कुठून शिरतं ते आधी बघून ठेवा. उधाणाला भरती मागच्या घळीतून गुपचूप येते आणि आपण बसलेलो खडक बेट होतो. घरमालकांना रोज सांगून जा.

रेघोटी

दर्यावर्दी, मनापासून आभार. पाऊणपटीचा हिशोब घरमालकीण काकूंनी दुसऱ्याच दिवशी शिकवला, आता प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारखेऐवजी तिथी लिहिते. सांगून जाण्याचंही अगदी खरं. काकूंना माझी बसायची जागा माहीत आहे.

उधाणाच्या ओहोटीला खडपावर कालवं फोडायला बायका येतात. कोयता, टोपली, डोक्याला बांधलेलं फडकं. त्यांची वेळ आणि माझी वेळ एकच. त्यांच्या वाकण्यात मला खूप काही सापडलं. कमरेतून घडी घातल्यासारखा देह, एक हात खडकावर टेकलेला, दुसऱ्याचा घाव. एकीला काढायला घ्यावं तोवर ती पुढच्या खडकावर. त्यामुळे चेहरा, लुगड्याची नक्षी यांच्या मागे जाताच येत नाही. पाठीची एक रेघ, टेकलेल्या हाताची एक, वजन कुठल्या पायावर आहे ते दाखवणारी एक. पानभर अशा दहाबारा बायका होतात आणि त्यांतल्या दोन खऱ्या उभ्या राहतात.

काढण्याआधी मी त्यांना विचारलं होतं. आता त्याच येऊन वही मागतात. त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर आजी परवा बराच वेळ पान बघून म्हणाल्या, “ह्यो हात असा नाय गो. कालव फोडताना मनगट आत वळतंय.” आणि मनगट वळवून दाखवलं. ड्रॉइंगच्या वर्गात इतकं नेमकं क्वचित कुणी सांगतं.

निळीशाई

ताई, साहित्याबद्दल लिहाल का? दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गुहागरला गेले होते. कागद असा फुगला की पेन्सिल टोचून भोक पडायचं, आणि शाईची रेघ दोन्ही बाजूंना पसरायची. मी कंटाळून वही मिटली.

रेघोटी

निळीशाई, कोकणातल्या हवेत कागद ओलावा पितो, त्याला इलाज नाही. मऊ पडलेल्या कागदावर टोकदार कडक पेन्सिल रुतते. म्हणून मी टू-बीपेक्षा कडक पेन्सिल आणलीच नाही. मऊ फोर-बी आणि सिक्स-बी, टोक जरा बोथट ठेवून. ग्रॅफाइटला दमट हवेचं काही वाटत नाही. कोळसा मात्र इथे नको, हाताच्या घामानेच पान काळं होतं.

कार्ट्रिज कागदाची साधी शिवलेली वही, कागद थोडा जाड, चौरस मीटरला साधारण १५० ग्रॅमचा. जलरंगासाठी ३०० ग्रॅमचे सुटे कागद वेगळे. वही रात्री हवाबंद डब्यात ठेवते, औषधाच्या बाटल्यांत येतात तशा सिलिका जेलच्या पुड्या टाकून. पान सकाळी कुरकुरीत मिळतं. फाउंटन पेनची शाई ओल्या कागदावर पसरते. रंगद्रव्याची, वाळल्यावर पाण्याने न विरघळणारी शाई बरी, मात्र ती वाळायला इथे दुप्पट वेळ घेते, पान लगेच उलटू नका.

जलरंगात समुद्राचंच पाणी वापरायचा मोह सगळ्यांना होतो. कल्पना सुंदर आहे, पण करू नका. खाऱ्या पाण्यातलं मीठ कागदात राहतं, हवेतला ओलावा पुन्हा पुन्हा ओढून घेतं आणि ते पान कधी पुरतं वाळतच नाही. घरून एका बाटलीत विहिरीचं पाणी न्या.

आणि वारा. पहाटे मतलई वारा जमिनीकडून येतो, समुद्राकडे तोंड करून बसलं की तो पाठीवर असतो आणि पानही शांत असतं. अकरानंतर समुद्राकडून खारा वारा फिरतो आणि पान तोंडावर येतं. दोन मोठ्या क्लिपा, मागे एक पॅड. दुपारची ओहोटी असेल त्या दिवशी मी वही लहान घेते.

जुनीवही

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. ‘रोज’ या शब्दाची मला धास्ती वाटते. मी नोकरीतून निवृत्त झाल्यावर नेमाने चित्र काढायला बसलो तर काही दिवसांत ते हजेरीपटावर सही करण्यासारखं झालं. पानं भरत होती, बघणं थांबलं होतं. समुद्रावर गेल्यावर तरी माणसाने मोकळं असावं. वाटलं तर काढावं, नाही तर पाण्यात पाय सोडून बसावं. तुम्हाला असं होत नाही का?

रेघोटी

जुनीवही काका, राग कसला. हा प्रश्न कुणीतरी विचारावा असं मलाच वाटत होतं.

हजेरीपट होतो तो पानाला ‘चित्र’ बनवायची सक्ती असली की. माझ्या रोजच्या नेमात सक्तीच्या गोष्टी दोनच, क्षितिजाची रेघ आणि पाण्याची कड. बाकी सगळं ऐच्छिक. ताप असला, मन उदास असलं, तरी या दोन रेघा होतात. आणि त्या काढायला बघावं लागतंच. क्षितिज पानावर कुठे येतं ते माझ्या डोळ्यांच्या उंचीवर ठरतं. वाळूत बसले तर ते खाली येतं, होडीच्या मागे जातं. उभी राहिले की वर चढतं. वाळूत बसल्यावर ते साडेतीन-चार किलोमीटरवर असतं, कड्यावरच्या गणपतीच्या वाटेवरून बघितलं तर कितीतरी लांब. हर्णैहून निघालेल्या बोटीचा आधी तळ दिसेनासा होतो, मग केबिन, मग झेंडा. हे सगळं एका आडव्या रेघेच्या निमित्ताने दिसतं.

पाण्याच्या कडेबद्दल तर कितीही लिहिता येईल. प्रत्येक लाट वाळूवर जिथवर पोचते तिथे फेसाची एक वळणदार रेघ सोडून जाते. पुढची लाट ती अर्धी पुसते. मी एका लाटेची रेघ काढत नाही, काढून होणारच नाही. आधी पेन्सिल हातात घेऊन नुसतं बघते. कुठल्या जागी पाणी पुन्हा पुन्हा आत घुसतं आणि कुठे अडतं ते हळूहळू कळतं, मग एका दमात रेघ मारते. लाट फुटते तेव्हा पाण्याची खोली लाटेच्या उंचीपेक्षा थोडीच जास्त उरलेली असते, म्हणजे फुटण्याची जागा आपल्याला खालच्या वाळूचा चढउतार सांगत असते. न दिसणारा तळ वरच्या फेसावरून काढता येतो. हे उमगलं त्या दिवसापासून दोन रेघांचं पान मला रिकामं वाटलेलं नाही.

पाण्यात पाय सोडून बसणंही होतंच, काका. रोज होतं. चित्रानंतरचं ते बसणं जास्त भरलेलं असतं.

मर्यादवेल

‘रोज’ आणि ‘एकटेपणा’ यावरून मला चित्रकार नसरीन मोहमदी आठवल्या. जन्म १९३७, कराचीचा. लंडनला सेंट मार्टिन्स या कलाशाळेत शिक्षण, १९७२ पासून बडोद्याच्या विद्यापीठात ललित कला शिकवायच्या. त्यांच्या कुटुंबाचं घर अलिबागजवळ किहीमला होतं, त्या किनाऱ्यावर त्या वारंवार राहिल्या आणि १९९० मध्ये त्यांचं निधन झालं तेही किहीमलाच.

त्यांच्या शेवटच्या काळातल्या रेखाटनांत समुद्र ओळखू येईल असं काहीच नाही. शाई, ग्रॅफाइट, पट्टीने आखलेल्या बारीक तिरक्या रेघा, मोकळा कागद. हात आणि शरीर हळूहळू ताब्यातून जाईल असा मज्जासंस्थेचा आजार त्यांना होता, आणि त्याच वर्षांत त्यांची रेघ इतकी अचूक झाली. त्या रोजनिशीही लिहायच्या. वाळू, पाणी, सावल्या यांचे त्यांनी काढलेले फोटो त्यांच्या हयातीत कधी लावलेच गेले नाहीत, पण ते पाहिल्यावर त्या रेघांकडे बघायची नजर बदलते. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या कलासंग्रहालयाची सुरुवात झाली तेव्हाच्या प्रदर्शनांत त्यांचं प्रदर्शन होतं.

सांगायचं ते एवढंच की समुद्राकाठी रोज रेघ काढणाऱ्याची वही समुद्रासारखी दिसलीच पाहिजे असं नाही. रेघोटी, तुमच्या दोन रेघा मला त्याच वाटेवरच्या वाटतात.

जाता जाता, त्याच किहीमला १९३० मध्ये सलीम अलींनी सुगरणींच्या घरट्यांवर पाळत ठेवली होती. शिडीवर आडोसा बांधून रोज तासन्‌तास तीच वसाहत बघत बसायचे. नर घरटं अर्धवट विणतो, मादीला ते पसंत पडलं की पुरं करतो आणि मग दुसरं विणायला घेतो, हे त्यांना तिथे दिसलं. एकच जागा, रोज. तुमचं म्हणणं मला पटतं ते असं.

रेघोटी

मर्यादवेल, किती सुंदर लिहिलंत. नसरीन मोहमदींची रेखाटनं मी छापील पाहिली आहेत, किहीमशी जोडून कधी पाहिली नव्हती. त्या तिरक्या रेघांमधलं अंतर ज्या तऱ्हेने कमी-जास्त होत जातं, ते मागे जाणाऱ्या पाण्याने ओल्या वाळूवर सोडलेल्या पट्ट्यांत मी रोज बघते. आता त्या परत काढून बघणार.

दूरदेशी

मी सध्या इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये असते. कामानिमित्त एकटीच. सेंट आयव्हज इथून जवळ. तिथल्या आल्फ्रेड वॉलिसबद्दल सांगते, कारण एकटेपणाबद्दल अजून कुणी सरळ लिहिलेलं नाही.

वॉलिस खलाशी होता, पुढे भंगार आणि जहाजाच्या सामानाचा धंदा केला. १९२२ मध्ये बायको गेली. त्यानंतर, सत्तरीच्या घरात, त्याने चित्रं काढायला सुरुवात केली, सोबत म्हणून. हे त्याचंच सांगणं. शिक्षण काहीच नव्हतं. वाण्याकडून आलेल्या पुठ्ठ्याचे वेडेवाकडे तुकडे, बोटींचा रंग, आणि आठवणीतली शिडाची जहाजं. पुठ्ठ्याचा जो आकार असेल तोच चित्राचा आकार. १९२८ मध्ये बेन निकोलसन आणि क्रिस्टोफर वुड या दोन तरुण चित्रकारांनी उघड्या दारातून ती चित्रं पाहिली. वॉलिस १९४२ मध्ये गरिबीतच वारला. त्याची कबर समुद्रावरच्या उतारावर आहे, वर बर्नार्ड लीच या मातीकाम करणाऱ्या कलावंताने केलेल्या फरशा, त्यावर दीपगृह आणि दाराशी उभा छोटा माणूस.

पहिल्या हिवाळ्यात मला इथे फार जड गेलं. चारला अंधार, बोलायला कुणी नाही. मी वॉलिसची चित्रं पाहून पुठ्ठ्यावर काढायला लागले, मालवणच्या आमच्या घराची पडवी, माड, बाबांची होडी. समोर इथला समुद्र आणि हातात तिथला. ताई, तुम्ही समोरचंच काढता की आठवणीतलंही?

रेघोटी

दूरदेशी, तुमचं वाचून गलबलून आलं. पुठ्ठ्यावरची ती पडवी इथे दाखवता आली तर जरूर दाखवा.

दिवसा मी समोरचंच काढते. रात्री, दिवा मालवायच्या आधी, त्याच पानाच्या पाठीवर दिवसातलं एक काहीतरी आठवणीने काढते. ओहोटीला वाळूत बारके खेकडे बिळाभोवती वाळूच्या गोळ्या टाकतात, त्याच्या नक्षीचं मला वेड लागलं आहे. वाळूतलं खाद्य काढून घेऊन उरलेल्या वाळूची गोळी मागे टाकायची, की बिळापासून चहूकडे किरणांसारख्या ओळी तयार होतात. जवळ गेलं की खेकडे गडप, आणि भरती आली की नक्षी साफ. ती समोर बसून काढली तर गोळ्या मोजत बसते. रात्री आठवून काढली तर ओळींची दिशा आणि मधल्या वाटा तेवढ्या उरतात, आणि त्याच खऱ्या होत्या असं सकाळी पुन्हा बघून कळतं.

सोबतीबद्दल. संध्याकाळी सात ते नऊ हे तास इथे लांब असतात. माणसांची आठवण तेव्हाच येते. त्या वेळी मी दिवसाचं पान समोर ठेवून घरी फोन करते आणि त्यात काय आहे ते सांगते. आई विचारते, “आज त्या आजी आल्या होत्या का?” चित्र न बघताच तिला माझी पुळण पाठ झाली आहे. वॉलिसची सोबत ती हीच असावी.

सदाफुली

ताई, मी सरळ प्रश्न विचारते. बाई एकटी म्हणून त्रास? आणि माणसं भोवती गोळा होत नाहीत का?

रेघोटी

सदाफुली, गावातल्या नांदत्या घरात राहा, किनाऱ्यावरच्या एकट्या बंगल्यात नको. मी काकूंच्याच आवारात आहे, त्यांच्या ओटीवरून माझं दार दिसतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत गावभर हिंडून दुकानदार, एसटीच्या थांब्यावरचे लोक यांच्याशी बोलून घ्या. ‘चित्रं काढणारी बाई’ अशी ओळख झाली की लोकच लक्ष ठेवतात. अंधार पडल्यावर पुळणीवर मी थांबत नाही. शनिवार-रविवारी पर्यटक येतात तेव्हा मी खाडीच्या बाजूला, होड्या ओढून ठेवतात तिकडे सरकते. मुलं गोळा होतात, त्यांना एकेक कागद आणि पेन्सिल दिली की तीही काढत बसतात.

निळीशाई

ठरलं. फाल्गुनात आठवडाभर वेळास गाठते आहे, कासवांचा हंगाम असेल. सिलिका जेल आणि फोर-बी घेतल्या. पहिल्या दिवशी नेमकं काय करू?

रेघोटी

पहिल्या दिवशी चित्र नको. त्या दिवसाची तिथी बघा, पाऊणपट करा, ओहोटी काढा आणि त्या वेळी किनारा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून या. बसायची जागा निवडताना तीन गोष्टी बघा. पाठीला टेकायला काही आहे का, भर दुपारी सावली येते का, आणि समोर एखादी न हलणारी खूण आहे का. माझ्याकडे सुवर्णदुर्ग आहे, तुम्हाला एखादा खडक किंवा डोंगराची सोंड चालेल. हलणाऱ्या पाण्याला मोजायला ती खूण लागते.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, हे लक्षात ठेवून उजेड वापरा. सकाळी सूर्य पाठीशी, बोटींचे रंग आणि खडकाचे पोत स्वच्छ दिसतात, पण पाणी सपाट वाटतं. चारनंतर सगळं उजेडाच्या विरुद्ध. रंग गेले, आकार काळे, आणि लाटेची पाठ व पोट वेगळं कळतं. लाटा शिकायला संध्याकाळ, बोटी शिकायला सकाळ.

कासवांच्या पिल्लांना सोडतात तेव्हा गर्दी असते, दोऱ्या बांधलेल्या असतात, फ्लॅश आणि टॉर्च चालत नाही. तिथे वही काढूच नका, नीट बघून घ्या. पिल्लं पाण्यात गेल्यावर आणि माणसं पांगल्यावर वाळूवर त्यांच्या वल्ह्यांच्या खुणा उरतात, दोन्ही बाजूंना तिरक्या रेघा आणि मध्ये नितळ पट्टी. पाणी यायच्या आत त्या काढा. आणि परत आल्यावर पानं इथे टाका, मी वाट बघते.